इंग्रजीतला चमचा

ती दोन्ही पानं समोर आली की मला अजून शिसारी येते. दोन्ही माझीच. एक मराठी, एक इंग्रजी. प्रवास एकच.

पन्नासच्या दशकात मी कुवेतमध्ये फहाहीलजवळ एका तेलकंपनीत कारकून होतो. आमचा इंग्रज साहेब मला गोऱ्या प्रवाशांची जुनी पुस्तकं वाचायला देई. ती माणसं चार-चार भाषा बोलणारी. यजमानाचे आभार अरबीत मानायचे आणि त्याची किळस इंग्रजीत लिहायची, अशी त्यांची रीत. तेव्हा मला त्यात ऐट दिसली.

एका शुक्रवारी कंपनीचा रत्नागिरीकडचा ड्रायव्हर मला जहरा गावाच्या पलीकडे वाळवंटात घेऊन गेला. वयानं मोठा, मी त्याला चाचा म्हणायचो. गाडी वाळूत रुतली. एका बदूनं, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या अरबानं, आम्हाला तंबूत नेऊन भात-मटण पुढं ठेवलं आणि आमचं जेवण होईतो स्वतः उभा राहून माश्या हाकलल्या. चाचा आणि मी एकाच परातीत हातानं जेवलो. बोटं चाटली.

मराठीत हे असंच लिहिलं. मुंबईच्या एका मासिकानं छापलं. मग साहेब म्हणाला, आपल्या कंपनीच्या अंकासाठी इंग्रजीत दे. भाषांतर मीच केलं. इंग्रजीत तंबूला घाण वास सुटला. बदू लाचार झाला. चाचा कोपरापर्यंत तूप ओघळत जनावरासारखा जेवू लागला, आणि मी म्हणे चमचा मागितला. चमचा! त्या वाळवंटात! हसता हसता साहेबाला ठसका लागला. त्यानं माझी पाठ थोपटली, आणि मला ते गोड वाटलं. आज ओकारी येते.

इंग्रजी लेखात चाचाचा फोटो होता. त्यानं पान खोलीच्या भिंतीला चिकटवलं.

"भाऊ, काय लिवलंस माझ्यावर? वाच की!"

इंग्रजी ओळींवरून बोट फिरवत मी त्याला मराठी लेखातलाच मजकूर ऐकवला.

"ऐका रे," तो खोलीतल्यांना म्हणाला, "नायतर तुम्ही. कुत्रं विचारत नाय तुम्हाला!"

पुढं त्याचा इंग्रजी शिकलेला भाचा कुवेतला आला, त्याच खोलीत उतरला.

त्यानंतरच्या शुक्रवारी मी नेहमीसारखा चाचाकडे जेवायला गेलो. भिंतीवर नुसता फोटो होता, मजकूर कापलेला. चाचानं पापलेटाचं कालवण वाढलं आणि माझ्या ताटाशी चमचा ठेवला.

"हाताची किळस येते, तर मला सांगायचंस भाऊ. इतके दिस उगाच त्रास काढलास."

आवाज चढवला नाही. मी चमचा उचलला. पापलेटाचे काटेसुद्धा त्या चमच्यानंच काढत बसलो.