तीन नंबरचं तोंड

गोल्फच्या लोखंडी काठ्यांना नंबर असतात. नऊ नंबरचं पातं पार उताणं. चेंडूला जरा लागलं तरी तो उंच उडतो आणि जवळच पडतो. सात, पाच असं खाली यावं तसं पातं उभं होत जातं, दांडी लांबते, चेंडू लांब जातो आणि तो नीट लागणं अवघड होत जातं. तीन नंबर मला पाचांत एकदा लागायचा. तो लागला की हाताला झटकासुद्धा कळायचा नाही, चेंडू आपणहून निघून गेल्यासारखा जायचा. बाकी चारांतले दोन जमिनीवरून सशासारखे पळायचे, एक उजवीकडं पळसाच्या झुडपांत घुसायचा, आणि एकदा तरी पातं चेंडूच्या आधी मुरमात आदळून मनगटापासून खांद्यापर्यंत मुंग्या यायच्या.

हे सगळं राज्याच्या पूर्व टोकाला, मोहाडीच्या पुढं, एका खाणीच्या वसाहतीत. सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी कोल्हापूरकडचा. सातवीनंतर शाळा सुटली, फौंड्रीत हातात कानस आली, आणि ओळखीच्या एका ड्रायव्हरच्या सांगण्यावरून गाड्या बदलत बदलत इथं पोचलो. खाणीच्या वर्कशॉपला फिटर हवा होता, आयटीआयचा कागद असलेला. माझ्याकडं कागद नव्हता. वर्कशॉपच्या साहेबांनी मला परत पाठवलं नाही. लोखंडाचा एक ओबडधोबड तुकडा पुढ्यात टाकला आणि म्हणाले, "चौकोनी कर."

दुपारपर्यंत मी कानस चालवली. त्यांनी तुकडा उजेडाकडं धरला, एक डोळा मिटला, गुण्या लावून पाहिला. "उद्या भोंग्याला ये."

तेवढ्या शब्दांवर मी तिथं राहिलो होतो. पुढं कित्येक वर्षं हेड ऑफिसचा लिफाफा आला की मला वाटायचं, यात माझ्या कागदाची चौकशी असणार. आणि दर वेळी वाटायचं, माझ्यासाठी साहेबांनी स्वतःची मान पुढं केली आहे. तिच्यावर आपल्यामुळं काही पडू नये.

गोल्फचं मैदान इंग्रज मॅनेजरांच्या वेळचं. नऊ होल. हिरवळ नावाला नाही. जिथं चेंडू शेवटी भोकात घालायचा तिथं बारीक वाळू पसरून तिच्यावर जळकं ऑइल मारायचं, म्हणजे ती वाऱ्यानं उडत नाही. त्याला सगळे ब्राऊन म्हणायचे. ते ऑइल आमच्या वर्कशॉपचं. दर पंधरवड्याला पिंप घेऊन मी जायचो. एकदा साहेबांनी गमतीनं सात नंबर हातात दिला, मी मारला, चेंडू बरा गेला. खेळणारे अधिकारी बदल्या होऊन कमी होत चालले होते. साहेबांनी आपली जुनी पिशवी माझ्याकडं दिली. तीन, पाच, सात, नऊ, दोन लाकडी काठ्या आणि ब्राऊनवरची एक. "ही माझी पहिली पिशवी," ते म्हणाले, "नीट वापर."

नीट वापर! मी त्या काठ्या घरच्या देवासारख्या पुसून ठेवायचो.

मैदान सांभाळायला आंधळगावकडचा एक माळी होता, घरी धानाची शेती असलेला, माझ्या वडिलांच्या वयाचा. मी त्याला मामा म्हणायचो, तो मला मिस्त्री. सकाळच्या भोंग्याआधी मी तीन नंबर घेऊन सराव करायचो तेव्हा तो वाळूवरून फळी ओढत असायचा.

"काहून गा मिस्त्री, साप मारून राहिला का?"

"मरत नाही ना मामा."

"मेला बी असन. तुले कसा दिसन? तू त आधीच वर पाहून राहिला."

तो हसायचा, मी पुन्हा मारायचो, चेंडू पुन्हा सशासारखा पळायचा. मला कळत होतं की तो खरं बोलतोय. पण कळणं आणि मान खाली राहणं यांत फार अंतर होतं. काठी वर गेली की मनात यायचं, आता हा जाणार का? आणि तेवढ्यात डोळे चेंडूच्या आधी निघून जायचे.

मग त्या हिवाळ्यात सामना ठरला. दुसऱ्या एका वसाहतीचे खेळाडू यायचे होते, दर वर्षी यायचे. खेळ जोडीचा: दोघांत एकच चेंडू, आलटून पालटून मारायचा. साहेबांचा नेहमीचा जोडीदार बदलून गेला होता. साहेब वर्कशॉपमध्ये आले, मी पंपाचा वॉशर कापत होतो.

"रविवारी तू माझ्याबरोबर."

"मी? साहेब, क्लबात दुसरं कुणी..."

"दुसरं कुणी असतं तर तुझ्याकडं आलो असतो का?" म्हणाले, आणि हसले. "पहिला, तिसरा, पाचवा, सातवा, नववा होल तू सुरू करायचा. बाकीचे मी."

सातवा. मी वॉशर तिरका कापला.

सातव्या होलला समोर बोडी होती. या भागात धानाला पाणी द्यायला जागोजाग असे लहान तलाव. मैदान आखणाऱ्या साहेबानं तिलाच मध्ये घेतलं होतं. चेंडू पाण्यावरून पलीकडं गेला पाहिजे. पाच नंबर थोडक्यात कमी पडायचा आणि लाकडी काठी मारली तर पार पलीकडच्या धान कापलेल्या बांध्यांत, म्हणजे शेतांत. तीन नंबरच हवा, आणि मला तो पाचांत एकदा.

त्या आठवड्यात माझं जेवणावरचं मन उडालं. खानावळीतला भात पुढ्यात निवायचा. साहेबांनी सगळ्यांसमोर मला उभं केलंय आणि मी पाहुण्यांसमोर चेंडू बदाबदा पाण्यात घालतोय, हेच दिसायचं. क्लबातले एकदोघे तर आधीच म्हणाले होते, "वर्कशॉपचा माणूस कशाला?"

आमच्या धंद्यात काम बिघडलं की आधी हत्यार बघायचं. भोक वाकडं पडतंय, ड्रिलला धार लाव. पाना घसरतोय, त्याचा जबडा बघ. हात बघायचा तो सगळ्यात शेवटी. गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत मी तीन नंबर व्हाइसमध्ये, बाकावरच्या शिकंज्यात, धरला. खूण पडू नये म्हणून दोन्हीकडून तांब्याचे पत्रे लावले. पातं दांडीला जिथं मिळतं त्या मानेशी दाब बसेल असा पाइप चढवला आणि हळू, फार हळू, वाकवलं. मग पाच नंबरशेजारी धरून उतार मोजला. पाचपेक्षा जरा उभा, पण पहिल्यापेक्षा पुष्कळ उताणा. दांडी तीनचीच, लांब.

काम सुरेख झालं होतं, हे आजही कबूल करतो.

शुक्रवारी सकाळी दहा चेंडू मारले. आठ उडाले. उंच, सरळ. जात होते ते वीसेक पावलं कमी, पण बोडीचं पाणी ओलांडायला तेवढं पुरत होतं. मला इतकं हलकं वाटलं की मी मोठ्यानं हसलो.

मामा जवळ आला, काठी हातात घेतली, फिरवून पाहिली.

"यानं आभाळाकडं तोंड काहून करून राह्यलं गा?"

"जुनी काठी आहे मामा. असतं तसं."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. काठी परत दिली. "असन," म्हणाला.

रविवारी पाहुणे जीपमधून आले. वाटेतल्या शहापूरच्या पुढं टायर फुटला म्हणून उशीर झालेला, आणि घाईत दुसऱ्या गाडीत सामान टाकताना एकाची पिशवी मागंच राहिलेली. साहेबांनी क्षणाचाही विचार केला नाही.

"माझी घ्या ना! आम्ही दोघं या मिस्त्रीच्या पिशवीवर खेळतो. जुनी माझीच आहे, हात ओळखतो तिला."

तेव्हाच सांगायला हवं होतं. चहाचे कप हातात घेऊन सगळे उभे होते, मामानं पिशवी खांद्याला लावली होती, साहेब पाहुण्यांशी हसत होते. मी स्वतःला म्हटलं, लांबचं मारायचं आलं की ते लाकडी घेतील. तीन नंबर लागेल तो सातव्याला, आणि तो मारायचा मी.

पहिले सहा होल मी कसे खेळलो ते मला आठवत नाही. आठवतो तो साहेबांचा हात: पिशवीकडं गेला की मी तीन नंबरच्या पात्याकडं बघायचो. पाच नंबर. सात. पुन्हा पाच. सहाव्यापर्यंत दोन्ही जोड्या बरोबरीत.

सातव्याला मी तीन नंबर घेतला. मान खाली राहिली की नाही, देव जाणे. चेंडू उडाला, पाण्यावरून गेला आणि ब्राऊनच्या अलीकडं पडला. टाळ्या वाजल्या. साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "अरे, हा तीन नंबर तर मलासुद्धा असा जात नाही!"

त्या थापेखाली मी आतून आक्रसलो.

आठवाही बरोबरीत सुटला. राहिला नववा. तो बोडीच्या दुसऱ्या अंगाला वळून परत क्लबाकडं यायचा. मी लाकडीनं सुरुवात केली, बरी गेली. पाहुण्यांचा दुसरा मारा डावीकडं कापलेल्या धानाच्या खुंटांत गेला होता. तिथून त्यांना निदान दोन तरी लागणार. आमचा दुसरा साहेबांचा. समोर पाणी, पाण्यापलीकडं पाळ, पाळीला लागून ब्राऊन. साहेबांनी अंतर डोळ्यानं मोजलं. बरोबर तीन नंबरचं होतं ते. त्यांच्या तीन नंबरचं.

त्यांनी मागं न बघता हात पसरला. "तीन नंबर."

मामानं काठी अर्धी बाहेर काढली आणि थांबला. मागितली साहेबांनी होती, पण त्यानं विचारलं मला, अगदी हळू: "देऊ का मिस्त्री?"

"साहेब," मी म्हणालो, "लाकडी घ्या."

"या मुरमावरून लाकडी? वेडा आहेस का? घसरत पाण्यात जाईल."

"मग बाजूनं घ्या. पाण्याच्या कडेनं."

"जिंकायचा मारा समोर आहे आणि कडेनं?" त्यांनी आता वळून पाहिलं. पाहुणेही बघायला लागले. "काय झालंय तुला?"

गप्प राहिलो असतो तर चेंडू पाण्यात गेला असता, आणि साहेब म्हणाले असते, वय झालं माझं. कुणाला कधी कळलं नसतं. मामा बोलला नसता. हे सगळं मला त्या वेळी लख्ख दिसत होतं.

"साहेब, तो तीन नंबर राहिला नाही. मी वाकवलाय. वीस पावलं कमी जातो."

पलीकडं बांधीत कुणी तरी बैल हाकत होतं. साहेबांनी मामाच्या हातून काठी घेतली, उजेडाकडं धरली, एक डोळा मिटला. माझा पहिला तुकडा पाहिला होता तसाच.

"कधी?"

"गुरुवारी. जेवणाच्या सुट्टीत."

पाहुण्यांतला एक हसला. "मिस्त्रीच तो. व्हाइस दिसला की हात शिवशिवणारच. साहेब, घड्याळ सांभाळा, तेही खोलून ठेवेल!" दुसराही हसला. साहेब हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी चेंडू नेहमीपेक्षा मागच्या पायाकडं येईल असे पाय रोवले, हात पुढं झुकवून पातं उभं केलं, आणि मारला.

चेंडू खालून, जोरात गेला. पाणी ओलांडलं. पाळीच्या दगडावर खणकन आदळला, उलटा उडाला आणि पाण्यात पडला. हातभर वर गेला असता तर जिंकलो होतो. एका होलनं हरलो.

चहाला मी क्लबात गेलो नाही. मामाबरोबर ब्राऊनवरची वाळू सारखी करत राहिलो.

"मामा, तुम्हाला शुक्रवारीच कळलं होतं."

"मले कळून का करू?" तो फळी ओढत म्हणाला. "वाकवलं कोणं?"

सोमवारी भोंग्याआधी मी ट्रंक भरून ठेवली होती. साहेब दहाला आले, बगलेत तीन नंबर. माझ्या व्हाइसजवळच्या स्टुलावर बसले.

"होता तसा कर."

"साहेब, वाकवलेलं लोखंड परत वाकवलं की मान कमजोर होते. तुटेल कधी तरी."

"तुटेल तेव्हा बघू. कर."

मी पत्रे लावले, पाइप चढवला. ते काठी काढून उजेडाकडं धरायचे, डोळा मिटायचे, परत द्यायचे. "अजून." पुन्हा. "अजून जरा." मोजायला जुनं माप नव्हतंच, होता तो त्यांचा डोळा. चार वेळा झालं. शेवटी ते म्हणाले, "हं."

पण ते उठले नाहीत. "कागद नसलेला माणूस घेतला तेव्हा मला सांगितलं होतं लोकांनी," ते म्हणाले, "असा माणूस भितो, आणि भितो तो लपवतो."

मी व्हाइसमधले पत्रे काढून ठेवले.

"उशिरा सांगितलंस. चहाच्या वेळी सांगायचं होतंस." ते उठले, काठी माझ्या बाकावर आडवी ठेवली. "पण मी मारायच्या आधी सांगितलंस. ही तुझ्याकडंच राहू दे. आणि आता हिला हात लावायचा तो मैदानावर."

संध्याकाळी मी ट्रंक रिकामी केली. दुसऱ्या सकाळी मामा वाळूवर फळी ओढत होता. मी तीन नंबर घेऊन उभा राहिलो आणि पहिलाच चेंडू सशासारखा पळाला.

"मेला का साप?" मामानं विचारलं.

"नाही मामा."

"मंग मार अजून."

त्या वर्षी मी पाचांत दोनपर्यंत आलो. त्याच्या पुढं कधी गेलो नाही.