त्रेपन्नावं नाव

नाव: आर्डिस बोडविन. वय: एकोणसत्तर. वास्तव्य: ग्रीन बे, नदीच्या पूर्वेला. व्यवसाय: शाळेच्या बसची चालक, चौतीस वर्षे, आता निवृत्त. मालमत्ता: एक घर, एक तीनचाकी सायकल आणि गावच्या अमेरिकन फुटबॉल टीमचा एक शेअर. सदर शेअरवर लाभांश मिळत नाही, तो विकता येत नाही, आणि त्याचा धारक टीमच्या पाच लाखांहून अधिक मालकांपैकी एक असल्यामुळे त्याचे मत कोणी विचारत नाही. पद: लार्डिनवा बारच्या निवड समितीची ज्येष्ठ सदस्य. कार्य: दर ऑगस्टमध्ये टीमच्या नव्वद खेळाडूंतून सदतीस जणांना घरी पाठवणे. विशेष गुण: दयामाया नाही.

या समितीला टीमने मान्यता दिलेली नाही, एवढी एक उणीव सोडली तर तिचं कामकाज चोख चालतं. शेवटचा सराव सामना झाला की रविवारी संध्याकाळपर्यंत ज्याने त्याने त्रेपन्न नावांची यादी लिहायची, घडी घालायची आणि बरणीत टाकायची. या बरणीत पूर्वी व्हिनेगरमधली अंडी असत, त्यामुळे सगळ्या याद्यांना एकच वास येतो. मंगळवारी दुपारी तीन वाजता टीम आपली यादी जाहीर करते. जिची नावं सर्वांत जास्त जुळतात ती यादी जिंकते, आणि जिंकणाऱ्याला वल्हं मिळतं.

वल्हं बारच्या मागच्या भिंतीवर टांगलेलं असतं. मेपलचं, पुरुषभर उंच, कोंबडीच्या चरबीने काळं झालेलं. सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी चर्चच्या मैदानात बुया नावाचा दाट रस्सा शिजतो, वासराला आंघोळ घालता येईल एवढ्या कढईत: कोंबड्या, बैलाची शेपटी, बटाटे, गाजरं, कोबी, आणि ज्याच्या त्याच्या आजीने सांगितलेलं आणखी काहीतरी. वल्हं ज्याच्या हातात त्याने ढवळायचं, मीठ त्याने घालायचं, आणि झालं की नाही हेही त्यानेच सांगायचं. बाकीच्यांनी भाज्या चिरायच्या. आमच्याकडे लोक महापौराचं नाव विसरतात, पण कोणत्या वर्षी वल्हं कोणाकडे होतं हे विसरत नाहीत.

आर्डिसने सव्वीस वर्षं गाजरं चिरली होती. अकरा वेळा तिची यादी दुसरी आली. बुयाला किती मीठ लागतं हे गावात आपल्याला एकटीलाच कळतं, अशी तिची समजूत होती, आणि क्लीट वँडेनहेव्हलच्या हातचा बुया नऊ वर्षं खाल्लेल्या माणसाला ती पटण्यासारखी होती. क्लीट दूध गोळा करणारा टँकर चालवायचा. त्याला नऊदा वल्हं मिळालं, आणि नऊदा गावाने घरी जाऊन वरून मीठ घालून घेतलं.

याद्या मोजायचं काम माझ्याकडे आहे. मी हायस्कुलात लॅटिन शिकवत असे आणि मला फुटबॉलमधलं काही कळत नाही, म्हणून मी निःपक्षपाती आहे असं समितीने एकमताने ठरवलं.

आर्डिसची पद्धत साधी होती. ती रोज सकाळी सरावाच्या मैदानावर कुंपणाला टेकून उभी राहायची आणि चेंडूकडे बघायची नाही. चौतीस वर्षं तिने आरशातून पोरं पाहिली होती. तिसऱ्या थांब्याआधी कोण मारामारी करणार हे तिला पहिल्याच थांब्यावर कळायचं, आणि खेळाडूंनाही ती तशीच बघायची: पाणी प्यायला आधी कोण धावतो, चूक झाल्यावर कोण दुसऱ्याकडे बघतो. जीव लावायचा नाही, हा तिचा नियम. एका वर्षी क्लीटच्या नातीच्या लग्नात एक खेळाडू येऊन इतकं सुंदर गायला की अर्धं चर्च रडलं. आर्डिसने त्याला दुसऱ्याच दिवशी यादीतून काढलं. "गातो छान," ती म्हणाली. "मग गाऊ दे."

यंदा तिचं बिनसलं ते सायकलीमुळे.

सराव शिबिरात आमचे खेळाडू स्टेडियमपासून मैदानापर्यंत गावातल्या पोरांच्या सायकलींवरून जातात. ही पद्धत माझ्या जन्माआधीपासूनची आहे. पोरं सायकली घेऊन ओळीने उभी राहतात, खेळाडू एकेक सायकल निवडतो, गुडघे कानाला लावून पेडल मारतो, आणि सायकलीचा मालक त्याचं हेल्मेट छातीशी धरून बाजूने पळतो. एकदा जमलेली जोडी शिबिर संपेपर्यंत टिकते.

टेरेल पेटिग्रूची जोडी जमेना. तो मिसिसिपीतल्या कुठल्याशा लहान कॉलेजातून आलेला गार्ड, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या पुढ्यात भिंत होऊन उभं राहणारा. वजन तीनशे अठरा पौंड. कॉलेजातल्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या वेळी बत्तीस टीमपैकी एकीनेही त्याचं नाव घेतलं नव्हतं, आणि आता सात-आठ वर्षांची पोरं त्याच्याकडे बघून आपापल्या सायकली मागे ओढत होती. तीन दिवस तो सगळ्यांच्या मागून चालत गेला. चौथ्या दिवशी ओळीच्या टोकाला, गुलाबी हँडलच्या एका सायकलीशेजारी, आर्डिस आपली तीनचाकी घेऊन उभी होती. तिच्या नवऱ्याने, कै. लिओने, भोपळ्यांची पोती वाहता यावीत म्हणून त्या सायकलीला जुन्या ट्रॅक्टरच्या पट्ट्या जोडल्या होत्या.

"बस," ती म्हणाली.

"मोडेल, बाईसाहेब."

"लिओने जोडलेलं काही मोडत नाही. हेल्मेट दे इकडे."

त्या दिवसापासून रोज सकाळी तीनशे अठरा पौंडांचा माणूस मागे टोपली असलेल्या तीनचाकीवरून संथपणे जायचा आणि आर्डिस त्याचं हेल्मेट काखेत मारून शेजारून चालायची. तो तिला आर्डिसबाई म्हणायचा. ती त्याला पहिल्या नावाने हाक मारत नसे, कारण यादीत आडनावं असतात.

पाचव्या दिवशी त्याने विचारलं, "आर्डिसबाई, कुंपणाकडून कसं दिसतं?"

"पुढच्या फळीत ते नऊ जण ठेवतील. तू दहावा आहेस."

"काय करू?"

"तुझी डावी टाच चहाड्या सांगते. पळायची चाल असली की ती चेंडू हलायच्या आधीच उचलली जाते. फेकायची असली की नाही. मला कुंपणापासून दिसतं, तर समोरच्याला दिसत नसेल का?"

दुसऱ्या दिवसापासून टाच गप्प झाली.

ही बातमी बारमध्ये पोचायला फार वेळ लागला नाही. ऑगस्ट संपत आला तेव्हा वाद एवढाच उरला होता. बावन्न नावं सगळ्यांच्या यादीत जवळजवळ सारखीच होती. त्रेपन्नाव्या जागी टीम पुढच्या फळीतला दहावा गडी ठेवणार की तिसरा क्वार्टरबॅक? दहावा म्हणजे पेटिग्रू. क्वार्टरबॅक म्हणजे हॅल्व्हर्सन, इथून चाळीस मैलांवरचा.

"दहा आडदांड ठेवून करायचंय काय?" क्लीट म्हणाला. "पहिले दोन क्वार्टरबॅक जखमी झाले तर चेंडू तू फेकणार का?"

"तुझ्यापेक्षा लांब फेकीन," आर्डिस म्हणाली.

"हॅल्व्हर्सन आपल्याकडचा पोरगा आहे, बाई. त्याच्या बापाच्या गोठ्यात दोनशे गाई आहेत."

"मग गाई घे यादीत. निदान चार पायांवर उभ्या तरी राहतात."

बारचा मालक मर्लिन ग्लास पुसता पुसता म्हणाला, "आर्डिस, खरं सांग. पोटातून काय वाटतं ते नको, डोक्यातून काय येतं ते सांग."

आर्डिसने तळलेल्या चीजचा एक तुकडा उचलला आणि खाल्ला. मग दुसरा खाल्ला. "डोकं म्हणतं, हॅल्व्हर्सन."

"बघा," क्लीट म्हणाला. "आणि हिचा वशिल्याचा उमेदवार कोण, तर दुसराच. पंच, ही त्याचं हेल्मेट उचलते. वर त्याला शिकवणी देते. हे नियमात बसतं का?"

समितीचे नियम बिअरच्या ग्लासाखालच्या एका गोल पुठ्ठ्यावर लिहिलेले आहेत, एकाच बाजूला. मी ते वाचले. हेल्मेटबद्दल काही नव्हतं.

"पोराच्या बुटाची नाडी सुटलीय हे सांगणं म्हणजे शिकवणी होत नाही," आर्डिस म्हणाली. "आणि घाबरू नकोस. जे वाटतं तेच लिहीन."

रविवारी दुपारी ती यादी लिहायला बसली. एरवी तिला दहा मिनिटं लागायची. यंदा दोन तास झाले, समोरच्या ब्रँडीतला बर्फ वितळून गेला, आणि मग तिने मर्लिनकडे खोडरबर मागितलं. सव्वीस वर्षांत त्या बारमध्ये कोणी खोडरबर मागितलं नव्हतं. मर्लिनला ते शोधायला तळघरात जावं लागलं. संध्याकाळी तिने कागदाची घडी केली, बरणीत टाकली आणि घरी गेली. जाताना तिने वल्ह्याकडे एकदा बघितलं. ते मी पाहिलं.

मंगळवारी अडीच वाजता बार भरला. टीव्हीवर दुसऱ्या टीम्सची नावं सरकत होती. आर्डिस खिडकीशी शब्दकोडं घेऊन बसली होती आणि तिने अजून एकही शब्द भरला नव्हता. तीनला दहा मिनिटं कमी असताना बाहेर रस्त्यावर एक संथ करकर ऐकू आली. मर्लिनने टीव्हीचा आवाज बंद केला.

पेटिग्रूने तीनचाकी दाराशी लावली, वाकून आत आला आणि टोपी काढली. ज्यांना काढतात त्यांना सकाळीच फोन जातो, हे बारमधल्या सगळ्यांना माहीत होतं.

"आर्डिसबाई," तो म्हणाला, "सायकल घेऊन आलोय."

आर्डिस उठली. बसमधून शेवटचं पोर उतरेपर्यंत बसायची तशी ताठ पाठ. "ठेव तिथेच. तू चांगला खेळलास. टाचेचं तर फारच चांगलं केलंस."

"हो, बाई. पण मागचं चाक कुरकुरतंय. उद्याच्या सरावाआधी तेल घालाल का?"



"उद्याच्या?" आर्डिसने विचारलं.

"आणि इथे खोली कुठे मिळेल? कोच म्हणाले, आठवड्याच्या बोलीवर घेऊ नकोस, वर्षाची घे."

"सायकलींची पद्धत शिबिरापुरती असते, पोरा," क्लीटने सांगितलं.

"हो, काका. पण मला गाडी नाही."

मग सगळे एकदम बोलले, आणि कोण काय बोललं ते मला सांगता येणार नाही. मर्लिनने घंटा वाजवली, ती फक्त टीम जिंकल्यावर वाजवायची असते. क्लीटचा क्वार्टरबॅक गेला होता, तरी त्याने पेटिग्रूला मिठी मारायचा प्रयत्न केला. त्याचे हात अर्ध्यापर्यंत पोचले. आर्डिस परत खाली बसली, शब्दकोडं समोर ओढलं आणि एका दमात सात शब्द भरले. नंतर मी पाहिलं, त्यातले पाच चूक होते.

तीन वाजता यादी आली आणि मी बरणी उघडली. क्लीटची बावन्न नावं जुळली. त्याने पेटिग्रूच्या जागी हॅल्व्हर्सन लिहिला होता. बाकीच्यांची पन्नास, एकोणपन्नास. मर्लिनची शेहेचाळीस, आणि त्याने तर गेल्या वर्षी निवृत्त झालेला एक जणही घेतला होता. आर्डिसचा कागद शेवटी आला. मी एकेका नावासमोर खूण करत गेलो. पेटिग्रूच्या नावाजवळ कागद खोडून खोडून पातळ झाला होता, पण नाव होतं. खुणा मोजल्या: त्रेपन्न. आजवर कोणाचीच सगळी नावं जुळली नव्हती. मर्लिन स्टुलावर चढून वल्हं काढायलाही लागला.

मग मी कागदाच्या तळाशी पाहिलं. तिथे आणखी एक नाव होतं, खूण नसलेलं. हॅल्व्हर्सन.

मी तीनदा मोजलं. "आर्डिस, ही चोपन्न आहेत."

"हो."

"तुला माहीत होतं?"

"चौतीस वर्षं बसमधली पोरं मोजलीत मी. मोजता येतं मला."

"मग?" मर्लिनने स्टुलावरूनच विचारलं.

"हॅल्व्हर्सन राहणार असं वाटत होतं, तर तो खोडणं म्हणजे खोटं लिहिणं. आणि पेटिग्रू..." तिने दाराकडे पाहिलं. तो बाहेर तीन पोरांना तीनचाकीच्या टोपलीत बसवत होता. "त्याला दोनदा खोडला. दोन्ही वेळा परत लिहिला."

"म्हणजे वल्हं गेलं तुझं," क्लीट म्हणाला.

"रविवारीच गेलं. तू आज ऐकतोयस."

दहाव्यांदा वल्हं हातात आल्यावर क्लीटने ते उलटसुलट करून पाहिलं.  मग म्हणाला, "आर्डिस, मीठ किती घालू?"

"तुझ्या हाताने नकोच घालू."

बुयाच्या रविवारी वल्हं क्लीटने धरलं आणि मीठ आर्डिसने घातलं. पुठ्ठ्यावर मिठाबद्दलही काही लिहिलेलं नाही. हॅल्व्हर्सनही आला होता. टीमने त्याला यादीच्या दुसऱ्याच दिवशी सराव संघात परत घेतलं होतं, आणि तो वडिलांच्या गोठ्यावरचं लोणी घेऊन आला. पेटिग्रूने सात वाडगे बुया खाल्ला आणि आठव्याला वेळ आहे का असं विचारलं. घरी जाऊन कोणीही वरून मीठ घातलं नाही.

समितीच्या दप्तरी मी नोंद केली ती अशी: सदस्या आर्डिस बोडविन यांची यादी नावांच्या संख्येमुळे बाद. सदर सदस्या दरवर्षी नव्वदांतून सदतीस खेळाडूंना घरी पाठवतात.

यंदा तिने छत्तीस पाठवले.