रामदासपेठेतल्या दारांची रेष

“भिंत इथवर आणा साहेब. जागा माझीच आहे न?” देशकरांनी चपलेनं मातीत रेघ ओढली.

सत्तरच्या दशकातली, मे महिन्यातली संध्याकाळ. मी आर्किटेक्ट, देशकर माझे क्लायंट. रामदासपेठेतला बंगला त्यांच्या वडिलांनी दुसऱ्या महायुद्धाच्या आधी बांधलेला. आता मुलाचं लग्न ठरलं होतं आणि दोन खोल्या वाढवायच्या होत्या. जागा एकच, पूर्वेकडचं साइड मार्जिन. म्हणजे आपली भिंत आणि शेजाऱ्याचं कंपाउंड यांच्यामधली मोकळी पट्टी. ती चांगली ऐसपैस होती, खोल्या नियमात बसत होत्या.

मला त्या वसाहतीचा लेआउट, म्हणजे प्लॉटची आखणी, मुळीच आवडत नसे. एक बंगला रस्त्यालगत, तर दुसरा पार मागे. नकाशा काढणाऱ्याला डुलकी लागली असावी, असं मी देशकरांना म्हटलंही. ते पोट धरून हसले.

टेप गुंडाळत होतो तोच शेजारच्या कुसुमताईंनी कंपाउंडवरून हाक मारली, पाणी पिऊन जा म्हणाल्या. त्या निवृत्त शिक्षिका. मधल्या खोलीत त्यांचे यजमान पलंगावर पडून होते, अर्धांगवायूनं. खोलीत भट्टी पेटल्यासारखं होत होतं.

दिवेलागण झाली तशा ताई उठल्या आणि त्यांनी पश्चिमेचं दार उघडलं. मच्छरदाणी फुगली. मी दाराकडे पाहिलं आणि हातातला पेला हातातच राहिला. समोर देशकरांचं दार उघडं. त्यांच्या हॉलपलीकडे दुसरं दार, त्यापुढे पलीकडच्या बंगल्याचं, मग त्याच्या पलीकडचं, आणि शेवटी लाल आभाळाचा तुकडा. बंगले मागेपुढे, पण दारं सगळी एका सुतात! कुणाचं अंगण कुणाच्या खिडकीसमोर नाही आणि वारा मात्र सगळ्यांच्या घरातून सरळ. एवढी वर्षं नकाशे काढत होतो, पण असं काही मला सुचलं नसतं.

“दिवेलागणीले आम्ही सारे दारं उघडतो. सासूबाईंपासूनची रीत आहे,” ताई म्हणाल्या. “यांले कूलरची ओल सोसत नाही, छाती भरते. तुमच्या खोल्या झाल्या तर यांनी काय करावं?”

मी देशकरांना बोलावलं आणि त्या दारात उभं केलं. जन्म त्या घरात गेला, रोज दार उघडलं, पण वारा पुढे कुणाकडे जातो हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

“पण पोराले खोली तर लागंल न?” ते म्हणाले.

मी नवा प्लान काढला. दोन खोल्यांच्या मधून बोळ, बोळाला दोन्हीकडे दारं, जुन्या दारांच्या रेषेत. खोल्या अरुंद झाल्या. सुनेचं कपाट कुठं ठेवू, म्हणून देशकर काम संपेपर्यंत कुरकुरले, पण सही केली.

पुढच्या मे महिन्यात मुद्दाम गेलो. नव्या सुनेनं तुळशीपाशी दिवा लावला आणि बोळाची दोन्ही दारं उघडली. मी ताईंकडे पलंगापाशी बसलो होतो. मच्छरदाणी हलली तसे त्यांचे यजमान वाकड्या जिभेनं एकच शब्द बोलले, “आला.”

तो लेआउट कुणी काढला, मला अजून ठाऊक नाही. पण तेव्हापासून नव्या साइटवर गेलो की टेप काढायच्या आधी शेजाऱ्याकडे पाणी मागतो.