रणगाड्याला दसऱ्याचा हार

बाबांना शेजारी बसवून अमेरिकेतल्या नेपरव्हिलमध्ये गाडी चालवणं म्हणजे माझ्या सहनशक्तीची परीक्षा असायची. "डावीकडे. अजून डावीकडे. आता सरळ." घरातून निघाल्यापासून पोहोचेपर्यंत हेच. "बाबा, मला दिसतोय रस्ता!" मी खेकसायचे. पुढच्या वळणावर पुन्हा सुरू.

बाबा फौजेत रणगाड्याचे ड्रायव्हर होते. पासष्टच्या लढाईत त्यांच्याकडे जुना अमेरिकन रणगाडा होता, युरोपातल्या महायुद्धात लढलेल्या जातीचा. नव्वदीच्या दशकात ते काही महिने आमच्याकडे राहायला आले आणि जवळच्याच एका युद्धसंग्रहालयात त्यांना अगदी तसाच रणगाडा भेटला. भेटला असंच ते म्हणायचे.

या रणगाड्याच्या नाकाला लोखंडी दात होते. बाबांनी त्यांची गोष्ट फौजेत ऐकलेली. नॉर्मंडीत शेतांना उंच मातीचे बांध, त्यावर दाट झाडी. रणगाडा बांधावर चढला की त्याचं पातळ पोट उघडं पडे आणि जर्मन नेमका तिथेच गोळा घालत. मग या अमेरिकन पोरांनी जर्मनांनीच किनाऱ्यावर रोवलेलं लोखंड कापलं, त्याचे दात करून रणगाड्यांना जोडले आणि बांध फोडत निघाले. "काय डोकं लढवलंय!" बाबा दर वेळी तितक्याच कौतुकाने म्हणत.

तिथे एक अमेरिकन आजोबा हौसेने देखरेख करायचे. नॉर्मंडीत त्यांनी असाच रणगाडा चालवला होता. बाबांचं इंग्रजी फौजी, तुटक, पण दोघे बाकावर बसून, रणगाडा वळवायचे दांडे हवेतच ओढून दाखवत तासन् तास बोलायचे.

"गावी परत जायच्या आधी एकदा आत बसायचंय गं," बाबा मला म्हणाले. मी आजोबांना विचारलं. पाहुण्यांना आत सोडत नाहीत, नियम आहे, असं ते ओशाळून म्हणाले. बाबांचा चेहरा एवढासा झाला.

दसऱ्याला मी साडी नेसून बाबांना तिथे घेऊन गेले, तर त्यांच्या पिशवीतून अंगणातल्या झेंडूचा हार निघाला, हळदकुंकू निघालं आणि नारळही.

"बाबा, हे म्युझियम आहे! अरेस्ट करतील आपल्याला!"

पण ऐकतील तर शपथ. त्यांनी रणगाड्याला हार घातला, दातांना हळदकुंकू लावलं आणि मी हात धरायच्या आत खालच्या दगडावर नारळ फोडला. आवाजाने आजोबा धावत आले. बाबा ताठ उभे राहिले.

"सर, टुडे वी थँक मशीन. ही ब्रॉट मी होम."

आजोबा त्या हाराकडे बघत राहिले. मग इंग्रजीत म्हणाले, "मलाही यानेच घरी आणलं. मी कधी थँक्यू म्हटलं नाही." ते आत गेले आणि किल्ली घेऊन आले.

झाकण उघडलं. बाबा वर चढले, एक पाय आत सोडला आणि थांबले. गुडघा वाकेना. पुन्हा प्रयत्न केला. नाहीच. मला रडूच आलं.

"तू बस," ते म्हणाले.

मी पदर खोचून आत उतरले. आजोबांनी वरून झाकण लावलं. काळोख, तेलाचा वास, आणि डोळ्यांसमोर बोटभर उजेडाची पट्टी. त्यात थोडं गवत. बाकी काहीच नाही.

"बाबा, मला काही दिसत नाहीये!"

लोखंडापलीकडून त्यांचा दबका आवाज आला. "दिसत नाहीच. वरून कमांडर सांगेल तसं जायचं. डावीकडे. अजून डावीकडे. आता सरळ."

मी दांडे घट्ट धरले. विशीतल्या या माणसाने कानातल्या एका आवाजावर विश्वास टाकून हे धूड तोफांच्या माऱ्यात चालवलं होतं आणि बरोबरच्यांना जिवंत परत आणलं होतं. मला माझ्या बापाचा इतका अभिमान कधीच वाटला नव्हता.

घरी येताना बाबा खोबऱ्याचा तुकडा हातात धरून गप्प बसले होते. चौक आला, सिग्नल लागला. ती शांतता मला सोसेना.

"बाबा," मी म्हटलं, "सांगा ना, कुठे वळू?"