पहिल्या शब्दाच्या शोधात मामा

माणूस पहिल्यांदा बोलला तेव्हा माझ्या बायकोचे मामा तिथं जातीनं हजर होते, असंच कुणालाही वाटेल. एरवी ती हकिगत त्यांना इतक्या खात्रीनं सांगताच आली नसती. त्यांची नोकरी झाली कराडला, गुरांच्या दवाखान्यात. पण गाय हंबरते आणि माणूस बोलतो, यात मधे नेमकं काय घडलं, हा किडा डोक्यात शिरला तो निवृत्तीनंतरही निघाला नाही. कोरेगावला बारशाला गेले, तर बायका पाळणा म्हणताहेत आणि हे पाळण्यात डोकं घालून बाळाचे हुंकार वहीत टिपताहेत! एकदा कोयनानगरला आम्ही मुक्कामाला असताना भूकंपाचा धक्का बसला. सगळे अंगणात पळाले. मामा दारातच उभे राहून कोण काय ओरडतंय ते ऐकत राहिले. "बघा जावईबापू, भ्यालं की माणूस शाळेतलं समदं इसरतंय. 'आई गं' तेवढं ऱ्हातंय. म्हंजे त्येच लय जुनं!"

"आवं, आदी भाईर या," मामी ओरडल्या, "न्हाईतर तुमीबी जुनं व्हाल!"

मामांना वादात गप्प करणाऱ्या जगात त्या एकट्याच. त्यांच्या मते बोलणं बाईनं शोधलं, लेकराला निजवायला. बाप्यांनी नुसता वाद शोधला.

गेल्या वर्षी मामींना अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. कळायचं सगळं, शब्द तेवढा ओठांवर येईना. मामांनी वही मिटून ठेवली. रोज सकाळी पेला पुढं धरून "म्हण, पाणी" म्हणायचे. मामी "बा... बा..." करत रडकुंडीला यायच्या. मला ते बघवत नसे.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारणी उखाणे घेत होत्या. मामींची पाळी वगळून पुढं जाणार, तोच मामी घडाघडा बोलल्या, "कृष्णेला कोयना भेटली कराडच्या काठी, ...रावांचं नाव घेते हळदीकुंकवासाठी!" एक अक्षर अडलं नाही, मामांचं नावसुद्धा स्पष्ट आलं. मामा आतून पेला घेऊन धावत आले. "आता म्हण, पाणी." मामींनी खूप जोर केला. नाही आलं.

डॉक्टर म्हणाले, ठेक्यात बसलेलं बोलणं मेंदू निराळ्या जागी जपतो. एरवी एवढ्यावर मामांनी गाव डोक्यावर घेतलं असतं. परवा मात्र हळूच मला म्हणाले, "ठेक्याचं खरं असंल. पर जावईबापू, समदं गेलं, पोरांची नावंबी गेली. माझंच कसं वो ऱ्हायलं?"

मामी समोरच बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या मामांकडे बघून नुसत्या हसल्या.