आतोबा आणि कोंबड्यांचे पंचनामे

कोंबडी उगीच मरते, यावर पोलादपूरच्या साऱ्या पंचक्रोशीत विश्वास नसलेला एकच माणूस होता, आणि तो माझ्या आत्याचा नवरा होता. आम्ही त्यांना आतोबा म्हणत असू. ऐन तारुण्यात त्यांनी मुंबईला जनावरांच्या एका दवाखान्यात व्हिक्टोरिया गाड्यांच्या घोड्यांचे कान धरून ठेवण्याचं काम केलं होतं. डॉक्टर घोड्याच्या तोंडात औषध ओतीत, तेव्हा घोड्याने डॉक्टरला चावू नये म्हणून आतोबा हजर असत. गावी परतल्यावर मात्र डॉक्टरच त्यांच्या हाताखाली होता, असं हळूहळू ऐकू येऊ लागलं. गावात घोडा नव्हता. त्यामुळे ती सगळी विद्या कोंबड्यांवर येऊन पडली.

मी तेव्हा पोलादपूरच्या शाळेत मास्तर होतो आणि दर रविवारी डोंगर चढून आत्याकडे जेवायला जाई. जेवण वेळेवर मिळेल की नाही, हे गावात कोंबडी मेली आहे की नाही यावर ठरे. कुणाच्या अंगणात कोंबडी आडवी झाली की आतोबा मुंडासं गुंडाळून निघत. आधी प्रेताभोवती तीन फेऱ्या. मग पंख उचलून वास. मग पायांची नखं, कारण "खुरावरनं समदं कळतं." शेवटी, घोड्याची सवय म्हणून, चोच उघडून दात बघणं. एकदा वर्षभराच्या तलंगेची, म्हणजे कोवळ्या कोंबडीची, चोच उघडून त्यांनी मान हलवली. "म्हातारपणानं मेली. एकबी दात ऱ्हायला नाय." घरातल्या बायका तोंडाला पदर लावून आत पळाल्या.

त्यांची खरी अडचण निराळीच होती. कोंबडी पेंगू लागली की ती मरायच्या आत तिचा रस्सा करायचा, ही गावची रीत. आतोबा पोचेपर्यंत पुरावा चुलीवर रटरटत असे. ते हटत नसत. पाटावर बसून रस्सा भुरकत, हाडं चोखत आणि "काळजाला सूज व्हती," असा निकाल देत. एकदा दुसरी वाटी पुढे करून म्हणाले, "केस अवघड हाय. खात्री केलेली बरी." आत्या मला म्हणे, "ह्यांना कोंबडीचं दुखणं नाय कळत रे, चव कळते."

एका साली दवाखान्यातल्या जुन्या सोबत्याने त्यांना मुंबईहून एक पांढराशुभ्र विलायती कोंबडा पाठवला. आगबोटीने दासगावला, तिथून बैलगाडीने महाडला आणि महाडहून आतोबांच्या डोक्यावर, असा तो आला. गावची पैदास सुधारायची म्हणून आतोबांनी तो घरोघर नेला. एकेका अंगणात तो दुपारभर सोडायचा आणि स्वतः ओटीवर बसून त्याच्या खानदानाची माहिती द्यायची. वहाळापलीकडे, म्हणजे गावच्या ओढ्यापलीकडे, एकटी राहणारी एक विधवा म्हातारी तेवढी आडवी आली. "माज्या कोंबड्यांना सोयरीक नको," म्हणून तिने दोघांनाही परत पाठवलं. आठवड्याभरात तो कोंबडा मेला. "मुंबईच्या आठवणीनं झुरून मेला," असा निकाल झाला.

मग गावातल्या कोंबड्या मरू लागल्या. माना पिरगाळून गरगर फिरत, चोच वासून धापा टाकत आणि पडत. रस्सा करायलाही कुणाचं मन धजेना. पंधरा दिवसांत गावात पहाटेची बांग बंद झाली. फक्त वहाळापलीकडून ऐकू येई. म्हातारीची एकही कोंबडी मेली नव्हती, आणि तेवढं लोकांना पुरलं. तिने करणी केली, असं लोक आधी पाणवठ्यावर कुजबुजले, मग उघड बोलू लागले. रविवारी देवळापुढे बैठक बसवून तिला वाळीत टाकायचं ठरत आलं.

आतोबांनी शनिवारभर पंचनामा केला. कुणाची कोंबडी आधी मेली, कुणाची मागाहून, हे घरोघर विचारून त्यांनी ओटीच्या भिंतीवर कोळशाने एकाखाली एक घरं मांडली. रविवारी मी पोचलो तेव्हा ते त्या भिंतीपुढे बसले होते.

"मास्तर, ही वाट वळखलीस?" त्यांनी विचारलं.

मी ओळखली नाही.

"माजा कोंबडा मी ह्याच वाटेनं नेला. ह्याच घरी पयला, मंग ह्या, मंग ह्या. वहाळापलीकडं म्हातारीनं तेवढा अंगणात सोडू दिला नाय."

हे दुसऱ्या कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, येणारही नव्हतं. आत्या दारात उभी होती. तिने त्यांचं मुंडासं आणून त्यांच्या हातात दिलं.

देवळापुढे आतोबा उभे राहिले तेव्हा त्यांचं बोलणं जुन्याच थाटाचं होतं. "रिपोट ऐका. म्हातारीचा काय बी संबंध नाय. दुखणं माज्या कोंबड्यानं आणलं, आन् दारोदार पोचवलं मी. मरणाचं कारण, मी."

 कुणीतरी फिसकन हसलं, दोघांतिघांनी आईबहिणीवरून शिव्या दिल्या, आणि बैठक मोडली.

दुसऱ्या दिवशी आतोबा पाचाडला बहिणीकडे चालत गेले आणि तुसात घातलेली टोपलीभर अंडी डोक्यावरून घेऊन आले. गाडीत ती फुटली असती. पण उबवायला खुडूक कोंबडी होती फक्त म्हातारीकडे. ते वहाळाच्या अलीकडेच टोपली घेऊन उभे राहिले. म्हातारीने बऱ्याच वेळाने हाक मारली, "ये रे. कोंबडा नाय ना आणलास?"

पिल्लं निघाली तेव्हा गावच्या बायका पदर पसरून तिच्या अंगणात गेल्या. कित्येकींनी ते अंगण पहिल्यांदाच पाहिलं.

त्यानंतर आतोबा पुष्कळ जगले, पण निकाल देणं त्यांनी सोडलं. कोंबडी मेली की जात, उकिडवे बसत, पंखांवरून हात फिरवीत आणि "मला नाय ठावं," म्हणत. लोकांना चुकल्याचुकल्यासारखं होई. एका रविवारी आत्याची लाडकी तांबडी कोंबडी परसात मरून पडली. आतोबा तिच्यापाशी बसून राहिले.

"अवो, काय तरी सांगा," आत्या म्हणाली. "खोटं असलं तरी चालंल."

आतोबांनी वर पाहिलं. आत्याचे डोळे भरले होते.

"चांगली जगली, गो," ते म्हणाले, आणि खड्डा खणायला कुदळ आणायला उठले.