पहिलं माहेरी, दुसरं सासरी

आमच्याकडे लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी आणि दुसरं सासरी. रीत चांगलीच आहे. पण पहिल्या वेळी काय झालं ते फक्त माहेराला ठाऊक असतं, आणि माहेर तोंड उघडत नाही. नातू अंगणवाडीत जायला लागला तरी मी उघडलं नव्हतं.

त्याच्या वेळी बाळ बाहेर आलं, पण माझ्या थोरलीची वार आतच अडकली होती. मग रक्त जायला लागलं ते थांबेचना. पिशव्या चढवल्या तेव्हा कुठे तिनं मला ओळखलं. जावई यायच्या आत मी सगळी पातळं धुऊन वाळत घातली.

"एवढी पांढरी काहून पडली?" त्यांनी विचारलं.

"उन्हाळा आहे न," मी म्हटलं.

घरी निघताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, हे पुन्हा होऊ शकतं, पुढच्या खेपेला आधी सांगा. मी मान हलवली आणि लेकीलाही गप्प बसवलं. धाकटीची सोयरीक चालली होती. 'त्या घरच्या पोरी कच्च्या' असा बोल मला नको होता.

दुसऱ्या वेळी तिला आठवा लागल्यावर मी भेटायला तिच्या सासरी, शिरपूरला गेले. विहीणबाई ओसरीवर मेथी निवडत शेजारणीला सांगत होत्या, "इच्या मायनंच सांगतलं मले, पह्यलं तं हसतखेळत झालं. आता वाशीमले कायले जाचं? इथंच मोकळी होईन."

लेकीनं मला पाणी आणून दिलं. ग्लास धरलेली तिची नखं पांढरीफटक होती. अंगात आधीच रक्त कमी, त्यात ते पुन्हा गेलं तर? मी ग्लास तसाच खाली ठेवला.

"ईनबाई, मी खोटं बोलली," मी म्हटलं. "हिची वार अडकली होती. रक्त थांबत नव्हतं."

शेजारीण उठून जाईल असं वाटलं होतं. ती आणखी जवळ सरकली.

"आन् हे आता सांगून राह्यल्या?" विहीणबाई म्हणाल्या.

"तुमी हिले नावं ठेवसान म्हणून..."

"नावं तं आता तुमालेच ठेवीन! म्हैस इकतानी बी मानूस सांगते, मांगच्या येळी जार अडकला होता म्हणून. तुमी तं पोटची पोरगी देली!"

त्यांनी हात धुतले आणि लेकाला गाडी काढायला सांगितली.

वाशीमच्या डॉक्टरांना सगळं मीच सांगितलं, लेकीला बोलू दिलं नाही. त्यांनी रक्त वाढायची औषधं सुरू केली, बाळंतपण रक्ताची सोय असेल तिथंच करायचं ठरवलं आणि पिशव्या आधीच तयार ठेवल्या.

लागल्याच त्या. रक्त पुन्हा फार गेलं, पण या वेळी सुई, सलाईन, माणसं, सगळं हाताशी होतं. लेक शुद्धीत होती. नातीचं नाक कुणावर गेलं यावर माझ्याशी वाद घालत होती.

विहीणबाई अजून पाहुण्यांसमोर टोमणा मारतात, "आनखी काही झाकून ठेवलं असन तं सांगून टाका." मी चहा पिते आणि ऐकून घेते. तेवढं माझ्याकडे निघतंच.

आता धाकटी पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडे आली आहे. बाळाची बातमी तिच्या सासूला मीच देणार आहे, आणि जे काही झालं असेल ते सगळं त्याच फोनवर सांगणार आहे.